जहाजावरच्या पोराला जमिनीवर उतरू द्या

जून महिन्यातली गोष्ट. वढू बुद्रुकच्या एक मावशी आपल्या २७ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, क्रूझ जहाजावर असिस्टंट वेटर. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून चार दिवसांपूर्वी घरी आला होता. (त्याला विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

"डॉक्टर, ह्याला जरा बघा ओ. आल्यापासनं नुसता झोपतोय, नाहीतर चक्कर येतीय म्हणतोय. आठ महिने जग फिरून आला, आता घरात जीव रमंना."

मी बीपी पाहिलं, साखर पाहिली, कान तपासले. पलंगावर झटकन आडवं करून कानाच्या चक्करची जी तपासणी करतात तीही केली. सगळं ठीक. पेशंटची रांग लागली होती. मी चक्करच्या गोळ्या पाच दिवसांच्या लिहून दिल्या आणि "थकवा आहे, विश्रांती घे" म्हणालो. हा माझा गाढवपणा होता आणि आजच्या लेखाचं मूळ तिथेच आहे.

पाच दिवसांनी तो एकटाच आला. गोळ्यांनी झोप वाढली, बाकी काहीच फरक नाही. या वेळी मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, चक्कर म्हणजे नक्की काय होतं? म्हणाला, "गोल फिरत नाही सर. डोलतंय. आंघोळ करताना डोळे मिटले की जमीन वरखाली होते. पण गंमत म्हणजे बाइकवर बसून कोरेगावला निघालो की एकदम ठीक वाटतं. घरी येऊन उभा राहिलो की परत सुरू."

वाहनात बसल्यावर बरं वाटणं ही या आजाराची खूण आहे. कानाच्या इतर चक्करींमध्ये गाडीत बसलं की त्रास वाढतो, इथे कमी होतो. वैद्यकात याला 'माल द देबार्कमां' असं फ्रेंच नाव आहे. सरळ अर्थ, जहाजावरून उतरल्यानंतरचा त्रास. जहाजावर मेंदू सततच्या डोलण्याशी जुळवून घेतो, पाय आणि डोळे त्या लयीत चालायला शिकतात. जमिनीवर आल्यावर मेंदू ती लय लगेच सोडत नाही, असं मानलं जातं. बहुतेकांना हे काही तास किंवा एक-दोन दिवस होतं आणि आपोआप जातं. काहींना आठवडे लागतात. महिन्याच्या वर टिकलं तर मात्र कान-नाक-घसा किंवा मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवायला हवं. चक्करच्या नेहमीच्या गोळ्यांचा यात फारसा उपयोग नसतो, उलट त्या दीर्घकाळ घेतल्या तर मेंदूचं जमिनीशी पुन्हा जुळवून घेणं लांबू शकतं. आपल्याकडे चक्कर हा शब्द ऐकला की पेन आपोआप ठरलेल्या दोन गोळ्यांकडे जातं. माझंही गेलं.

(चक्करबरोबर बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, अचानक ऐकू कमी येणं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखणं असेल, तर हा लेख वाचत बसू नका. सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.)

त्याच्या गोळ्या बंद केल्या. रोज सकाळी उन्हात चालायला सांगितलं, झोपेची वेळ ठरवून दिली. तीन आठवड्यांत डोलणं थांबलं. तेवढंच असतं तर लेख लिहिला नसता. पण त्या दिवशी तो जे बोलला ते ऐकून मी अस्वस्थ झालो, आणि नंतर नियम काढून वाचले तेव्हा चिडलो.

मी सहज विचारलं होतं, "मधे मधे बंदरात उतरत असशील ना? तेव्हा नाही असं झालं?"

तो हसला. एप्रिलमध्ये त्याचं जहाज फ्लोरिडाहून स्पेनला गेलं. हिवाळ्यात कॅरिबियन समुद्रात फिरणारी जहाजं उन्हाळ्यासाठी युरोपात नेतात आणि शरद ऋतूत परत आणतात. हा अटलांटिक ओलांडण्याचा प्रवास. आठवडाभर, कधी त्याहून जास्त, चहूकडे पाणी. प्रवाशांना हे दिवस आवडतात, कारण रोज कुठे उतरायची घाई नाही. खाणंपिणं, नाचगाणी सगळं जहाजावरच. म्हणजेच वेटरला त्या दिवसांत श्वास घ्यायलाही फुरसत नाही, कारण एरवी बंदरात उतरून बाहेर जेवणारी सगळी माणसं तिन्ही त्रिकाळ जहाजावरच जेवतात.

पहिलं बंदर आलं. त्या दिवशी त्याची पाळी 'इन पोर्ट मॅनिंग'ची होती. जहाज धक्क्याला लागलं तरी आग किंवा अपघात झाल्यास हाताशी असावेत म्हणून ठरावीक लोकांना जहाजावरच थांबावं लागतं, त्याची ही पाळी. दुसऱ्या बंदरात जुने प्रवासी उतरून नवे चढले, त्यामुळे सामान, खोल्या, जेवणाची टेबलं, नव्या प्रवाशांची सुरक्षा कवायत. अकराव्या दिवशी त्याला अडीच तास मिळाले.

"मग काय पाहिलंस?"

"काही नाही सर. बंदराबाहेर एक सुपरमार्केट होतं. सिमकार्ड घेतलं, आईला फोन केला, मागे झाडाखाली बाकडं होतं त्यावर गजर लावून झोपलो."

हे मावशींनाही माहीत होतं. घरात त्यावरून त्याची चेष्टाही झाली होती. पोरगं स्पेनला गेलं आणि बाकड्यावर झोपून आलं!

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. डॉक्टर म्हणून सांगतो, त्या अडीच तासांत त्याने जे केलं त्याहून शहाणपणाचं दुसरं काही करता आलं नसतं. कारण समजून घेऊ.

आपल्या मेंदूच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग शरीराचं घड्याळ चालवतो. झोप, भूक, रक्तदाब, शरीराचं तापमान, पोट साफ होणं, सगळं त्याच्या तालावर. हे घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा थोडं सावकाश चालतं, आणि रोज सकाळी डोळ्यांत शिरणारा उजेड ते पुढे सरकवून जागेवर आणतो. उजेड म्हणजे दिव्याचा नव्हे. घरातला, ऑफिसातला उजेड साधारण १०० ते ५०० लक्स भरतो. ढगाळ दिवशीही मोकळ्या आभाळाखाली तो काही हजारांत जातो आणि भर उन्हात लाखापर्यंत. डोळ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते. घड्याळाला मात्र चांगलाच कळतो.

आता वेटरचा दिवस पाहा. त्याची खोली जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा खाली. खिडकी नाही. खोलीतून कामगारांच्या लांबलचक बोळातून स्वयंपाकघर, तिथून डायनिंग हॉल, परत बोळ. सूर्य कुठे उगवला हे कळण्याचा प्रश्नच नाही. त्यात अमेरिकेकडून युरोपकडे जाताना जहाजाचं घड्याळ जवळजवळ रोज एक तास पुढे. फ्लोरिडा आणि स्पेनमध्ये सहा तासांचं अंतर आहे, म्हणजे त्या आठवड्यात सहा दिवस २४ ऐवजी २३ तासांचे. तो कापलेला तास कुठून जातो? नाश्ता तर ठरल्या वेळीच लागतो. तो बहुतेक वेळा झोपेतून जातो. पश्चिमेकडे जाताना दिवस २५ तासांचा होतो, तो शरीराला सोपा पडतो. उलट दिशेचा प्रवास शरीर सहज मान्य करत नाही.

आमच्याकडे सणसवाडी, रांजणगावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी पोरं दवाखान्यात येतात. पित्त, अपचन, चिडचिड, वाढलेलं वजन, वाढलेला बीपी. रात्रपाळीच्या आठवड्यानंतर त्यांना निदान एक रविवार तरी असतो. आपल्या घरात झोपतात, अंगणात बसतात. जहाजावरच्या पोराला आठ महिन्यांत रविवार नाही.

नियम काय म्हणतो? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली सागरी कामगार करार केला. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यात लिहिलंय की कामाचे तास मोजताना पाया आठ तासांचा दिवस आणि आठवड्यातून एक सुट्टी हाच धरावा. वाचून बरं वाटतं. पुढे वाचलं की कळतं, प्रत्यक्षातली मर्यादा दोन प्रकारे घालता येते. एक तर काम आठवड्याला ७२ तासांपेक्षा जास्त नको, किंवा विश्रांती आठवड्याला ७७ तासांपेक्षा कमी नको. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा करा. ९१ उरतात. म्हणजे दुसरा पर्याय निवडला तर आठवड्याला ९१ तास काम नियमात बसतं!

रोजची दहा तास विश्रांतीही सलग द्यायला हवी असं नाही. तिचे दोन तुकडे चालतात, त्यातला एक किमान सहा तासांचा असला की झालं. त्या सहा तासांत आंघोळ, कपडे, खोलीपर्यंत जाणं-येणं, घरी दोन शब्द बोलणं हे सगळं आलं. खरी झोप किती उरली ते तुम्हीच मोजा. उरलेले चार तास दुपारी मिळाले तरी त्या वेळी शरीर झोपायला तयार असतंच असं नाही.

आता मुद्द्याचं कलम. याच करारात किनाऱ्यावर उतरण्याच्या सुट्टीबद्दल, म्हणजे ज्याला जहाजावरची सगळी मंडळी 'शोअर लीव्ह' म्हणतात त्याबद्दल, एक स्पष्ट वाक्य आहे. खलाशांना त्यांच्या आरोग्यासाठी आणि स्वास्थ्यासाठी शोअर लीव्ह दिली पाहिजे, असा त्याचा पहिला अर्धा भाग. आरोग्यासाठी, हा शब्द मुळात तिथेच आहे. करमणुकीसाठी किंवा बक्षीस म्हणून, असं कुठेही म्हटलेलं नाही. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग म्हणतो, त्यांच्या कामाच्या गरजांशी सुसंगत राहून.

या दुसऱ्या भागाने पहिला भाग खाऊन टाकला आहे. क्रूझ जहाजावर कामाची गरज कधी नसते? चार हजार माणसं उतरतात आणि चार हजार चढतात त्या दिवशी तर सगळ्यात जास्त असते. आणि लांबच्या प्रवासानंतरचं पहिलं बंदर अनेकदा नेमकं तसंच असतं. त्यातच इमिग्रेशनची तपासणी, कर्मचाऱ्यांच्या रांगा, सामान भरणं. म्हणजे शरीराला जमीन सगळ्यात जास्त हवी असते, त्याच दिवशी ती मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी. एखाद्या डॉक्टरने "पेशंटला औषध द्या, पण नर्सला वेळ असेल तरच" असं केस पेपरवर लिहिलं तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. जहाजावर जिम आहे, डेक आहे, डॉक्टर आहे, खाणं उत्तम आहे, मग उतरायचं कशाला? डेकवर ऊन मिळतं, हे मी मान्य करतो, आणि जिथे कर्मचाऱ्यांना मोकळ्या डेकवर जाता येतं तिथे त्यांनी रोज सकाळी दहा-वीस मिनिटं जायलाच हवं. पण डेकवर न हलणारी जमीन मिळत नाही. आणि दुसरी जी गोष्ट मिळत नाही ती याहून मोठी आहे. साहेबाच्या हाकेच्या बाहेर जाणं. जहाजावर वेटर ड्यूटी संपल्यावरही त्याच इमारतीत असतो, त्याच बोळात सुपरवायझर भेटतो, कामगारांच्या मेसमध्येही तीच माणसं. गणवेश नसला तरी नावाची पट्टी आहे, प्रवासी दिसला की हसायचं आहे. डोक्यातून काम उतरणं ही थकवा भरून येण्याची पहिली अट. काम संपल्यावरही मन कामाला जुंपलेलं राहिलं की झोप उथळ होते, नाडी आणि रक्तदाब खाली यायला वेळ लागतो. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बैल सोडायचा म्हणजे जू मानेवरून काढायचं. गोठ्यात बांधला पण जू तसंच ठेवलं तर त्याला सुट्टी म्हणत नाहीत.

म्हणून तो बाकड्यावर झोपला. न हलणारं बाकडं, झाडाची सावली, भर दिवसाचा उजेड, आणि कुणीही त्याला नावाने हाक मारणार नाही अशी जागा.

दुसरा युक्तिवाद जरा खाजगी आवाजात केला जातो. ही पोरं बंदरात उतरली की दारू पितात, नाही ते करतात, त्यापेक्षा जहाजावरच बरी. घरचेही हे बोलतात, म्हणून लिहितोय. कुणी पीत असेल, मी नाकारत नाही. पण तीन आठवडे उपाशी ठेवलेला माणूस जेवणावर तुटून पडला तर आपण त्याला जेवायला देणं बंद करतो का? दर बंदरात चार तास हक्काने मिळणार आहेत हे माहीत असलेला माणूस त्या चार तासांत आयुष्य उरकायला बघत नाही.

वैद्यकाच्या इतिहासातही याची ओळख जुनी आहे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबं खाणारे दोघे सर्वांत लवकर बरे झाले. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दींना एवढंच माहीत होतं की हिरड्यांतून रक्त यायला लागलं, जुने व्रण उघडे पडायला लागले की जमीन गाठायची. जमिनीवर काही दिवस राहिलं की माणूस सुधारतो. जमिनीतलं नेमकं काय औषध आहे ते लिंडमुळे कळू लागलं, आणि तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडलं. जवळजवळ ५० वर्षं. कारण काय? जहाज मागच्या पद्धतीने चालत होतंच की.

आज क जीवनसत्त्वाची गोळी आहे. उजेड, स्थिर जमीन आणि मोकळं मन यांची गोळी नाही.

ज्यांना वाटतं हे सगळं डॉक्टरी नखरे आहेत, त्यांनी २०२० आठवावं. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज करोनामुळे अडवून ठेवलं. जहाजावर एकूण ३,७११ माणसं, त्यातले हजाराच्या वर कर्मचारी आणि त्यांत शंभराहून अधिक भारतीय. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना खोल्यांत बंद करून ठेवलं. कर्मचाऱ्यांना? ते काम करत होते. खोल्या शेअर करत होते, एकत्र जेवत होते आणि दारोदार जेवणाची ताटं पोचवत होते. ९ फेब्रुवारीपर्यंत २० कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचं निदान झालं, त्यातले १५ जेवणाच्या विभागातले. अखेरीस जहाजावरच्या ७१२ जणांना संसर्ग झाला. भारतीयांपैकी ज्यांना लागण झाली नव्हती त्यांना महिनाअखेर विमानाने दिल्लीला आणलं. विलगीकरण म्हणजे काय हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. तिथे ते फक्त तिकीट काढलेल्यांसाठी होतं.

मार्चमध्ये जगभरची क्रूझ बंद झाली. प्रवासी घरी गेले. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं की त्यांच्या किनाऱ्यांजवळ सुमारे १०० जहाजांवर जवळजवळ ८०,००० कर्मचारी आहेत. धक्का दिसतोय, उतरायला मनाई. आपल्याकडेही तेच. 'मरेला डिस्कव्हरी' या जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईसमोर येऊन थांबले होते आणि २३ एप्रिलला, केंद्राने नियमावली काढल्यानंतर, ते आपल्याच देशात उतरू शकले. मुंबईचे दिवे दिसतात आणि घरी जाता येत नाही, याचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो हे मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. त्या साथीत सुरुवातीला काही काळ बंदी आवश्यक होती, हे मी डॉक्टर म्हणून मान्य करतो. पण २०२१ मध्ये क्रूझ पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक जहाजांवर प्रवासी बंदरात सहलीला जात होते आणि त्यांचं ताट वाढणारे, लस घेतलेले कर्मचारी शिडीवर उभे राहून त्यांना टाटा करत होते. विषाणूला प्रवासी आणि वेटर यांतला फरक कळत नाही. तो कंपनीला कळतो.

आणि यात प्रवाशांचाही तोटा आहे, तो कुणी मोजत नाही. क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस कुप्रसिद्ध आहे. जुलाब झालेल्या स्वयंपाकघरातल्या माणसाने बरं झाल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावू नये, असा नियम आहे. पण सहा महिने एकही सुट्टी नाही, आणि आजारी पडल्याची नोंद झाली की बिनखिडकीच्या खोलीत कोंडून घ्यायचं, बंदर आलं तरी उतरायचं नाही, हे माहीत असलेला माणूस पहिल्या दोन जुलाबांना तोंड उघडेल का?

आता माझ्याच व्यवसायाकडे येतो. जहाजावर जाण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून तपासणी होते. नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. ही तपासणी चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण ती एकाच दिशेची आहे. माणूस जहाजाला योग्य आहे का, एवढंच ती विचारते. जहाज माणसाला योग्य ठरलं का, हे परत आल्यावर आम्ही कुणीच विचारत नाही. ट्रॅक्टर भाड्याने दिला तर परत आल्यावर मालक चारही चाकं बघतो. पोरगं आठ महिन्यांनी परत आलं तर आई फक्त बारीक झाला का जाड ते बघते आणि डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या लिहितो.

परत आलेल्या माणसाला मी आता ठरवून काही गोष्टी विचारतो. सलग सहा तास झोप शेवटची कधी लागली होती? उन्हात किती जायचास? शेवटच्या दोन महिन्यांत जमिनीवर किती वेळा उतरलास? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला बोटांवर मोजता येतं त्याची झोप, बीपी आणि मन मी नीट तपासतो.

कोकणात आणि गोव्यात या धंद्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड इंग्रजांच्या आगबोटींवर होते. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे 'कुड' होते, काही अजून आहेत. गावच्या माणसांनी गावच्या माणसांसाठी काढलेल्या खोल्या. दोन सफरींच्या मध्ये खलाशाने तिथे पथारी टाकायची, पेटी ठेवायची, आपल्या भाषेत बोलायचं. कामावरून सुटलेल्या दर्यावर्दीला आधी टेकायला जागा लागते, हे त्या लोकांना कुठल्या कराराशिवाय कळलं होतं. आमच्या शिरूर-हवेलीकडे अनेक घरांत मात्र जहाजावर गेलेली ही पहिलीच पिढी आहे. आमच्या लेखी तो "फॉरेनला" आहे. आला की दुसऱ्या दिवशी देवदर्शन, तिसऱ्या दिवशी बँकेचं काम, चौथ्या दिवशी मुलगी बघायला, पाचव्या दिवशी मामाच्या घराचं वास्तुपूजन. सहा-आठ आठवड्यांची बिनपगारी सुट्टी, त्यातले पहिले दोन आठवडे आपण त्याला जहाजापेक्षा जास्त पळवतो. मावशींना मी हेच सांगितलं. पहिले दहा दिवस त्याला कुठे न्यायचं नाही. सकाळी नदीकडे चालत जाऊ दे, दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू देऊ नका, रात्री दहाला दिवे बंद. पाहुण्यांना सांगा, डॉक्टरांनी मनाई केली आहे. मावशी म्हणाल्या, "पाव्हण्यांचं काय नाही हो, पर आमची नणंद ऐकायची नाही." नणंदेसाठी मी लेटरहेडवर लिहून दिलं.

कंपन्यांकडून काय हवं, तेही स्पष्ट लिहितो. सलग सहा दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहिलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पुढच्या दोन बंदरांपैकी एकात दिवसाउजेडी किमान चार तास खाली उतरता आलं पाहिजे. विश्रांतीच्या तासांची नोंद जशी माणसागणिक ठेवावी लागते आणि त्याची सही घ्यावी लागते, तशीच शोअर लीव्हची ठेवा. "कामाची गरज" म्हणून नाकारली तर कुठलं काम, हे लिहा आणि खाली अधिकाऱ्याने सही करावी. बंदरातल्या तपासनिसाने ती वही मागावी. यात नवा कायदाही लागत नाही, आहे त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गंभीरपणे घ्यायचा आहे. जास्त माणसं लागतील, खर्च वाढेल, हे खरं आहे. तो तिकिटात घाला.

ज्यांच्या घरातलं कुणी या नोकरीसाठी मुलाखत देत असेल त्यांनी सही करण्याआधी एजंटला पगाराबरोबर हेही विचारावं. कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं? जहाज महासागर ओलांडणार आहे का, कुठल्या महिन्यात? इन पोर्ट मॅनिंगची पाळी दर किती बंदरांनी येते? कर्मचाऱ्यांना मोकळा डेक आहे का? अमेरिकेत उतरायला प्रत्येकाला स्वतःचा क्रू व्हिसा लागतो, तो कोण काढणार? याचं उत्तर एजंटने "तुम्हीच" दिलं तर त्याला सांगा की त्याच सागरी करारानुसार व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र, सीमन्स बुक आणि पासपोर्ट एवढाच खर्च उमेदवाराकडून घेता येतो. नोकरी लावून देण्याचे पैसे मागणाऱ्याकडे तर बसूच नका. त्याच्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते आधी तपासा.

तो मुलगा ऑगस्टमध्ये पुन्हा गेला. जाण्याआधी दवाखान्यात आला होता. मी त्याला एक छोटी वही दिली आहे आणि तीन रकाने आखून दिले आहेत. झोपेचे तास, उन्हातली मिनिटं, जमिनीवरचे तास. परवा त्याच्या आईच्या फोनवर पहिल्या पानाचा फोटो आला, मावशी दाखवायला घेऊन आल्या. तिसऱ्या रकान्यात १९ दिवसांत दोनच आकडे आहेत. एक अडीच, एक पावणेदोन.